कायदा किती कडक, किनारा किती मोकळा

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं दिसतात, उत्तरेला मांडव्यापलीकडे मुंबई बंदराचं तोंड येतं आणि पाठीशी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या युरिया कारखान्याच्या चिमण्या असतात. एवढ्याशा टापूत देशातले किती कायदे एकत्र नांदतात ते मोजायला गेलं तर दमछाक होईल. कारखान्याला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा आहे आणि मांडव्याला सागरी पोलीस ठाणं. समुद्रात तटरक्षक दल आणि नौदल आहे, मासेमारीला १९८१चा राज्याचा कायदा आहे, वाळूला आणि भरतीरेषेला किनारा नियमन क्षेत्राचे नियम. होडी पाण्यात घालायची तर नोंदणी, परवाना आणि ओळखपत्र लागतं. असं असूनही गेल्या पस्तीस वर्षांत मुंबईवर झालेल्या सर्वांत भीषण हल्ल्यांपैकी दोन समुद्रमार्गे आले, आणि त्यातल्या पहिल्याचं सामान याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरलं. मोठा गुन्हा घडला की कडक कायद्याची मागणी होते, शिक्षा वाढते, जामीन अवघड होतो आणि काही तरी केल्याचं समाधान समाजाला मिळतं. या समाधानाची किंमत काय आणि त्यातून खरंच हिंसा टळते का, हे तपासायला रायगडच्या किनाऱ्याइतका बोलका पुरावा महाराष्ट्रात दुसरीकडे मिळणार नाही.

हा पुरावा तसा जुना आहे. १६७९च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तटबंदीला सुरुवात केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांच्याकडे मोठी गलबतं होती, लांब पल्ल्याच्या तोफा होत्या, मागाहून सिद्दीचं आरमारही आलं. तरीही थळ आणि नागावच्या बाजूने रात्री छोट्या होड्या निघत, उथळ पाण्यातून वाट काढत आणि बेटावर दाणागोटा, माणसं, बांधकामाचं सामान पोचवत. ऑक्टोबरात समोरासमोर लढाई झाली, पण बेटाचं काम थांबलं नाही आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. तो पराक्रम आपला म्हणून आपण अभिमानाने सांगतो. नाकेबंदी करणाऱ्याच्या बाजूने तीच हकिगत वाचली तर दिसतं की ज्या किनाऱ्यावरची माणसं आपल्या बाजूची नाहीत, तो किनारा तोफांच्या धाकाने बंद करता येत नाही.

आता १९९३. १२ मार्चला मुंबईत एकामागोमाग एक स्फोट झाले. २५७ माणसं मेली, सातशेवर जखमी झाली. त्या वेळी कायदा ढिला होता असं कुणाला म्हणता येणार नाही. दहशतवादविरोधी ‘टाडा’ कायदा १९८५पासून होता आणि १९८७मध्ये तो नव्याने, अधिक कडक होऊन आला होता. माणूस मरेल अशा दहशतवादी कृत्याला त्यात फाशी किंवा जन्मठेप होती. अधिसूचित भागात विशिष्ट शस्त्रं नुसती बाळगली तरी किमान पाच वर्षांची शिक्षा होती. पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत होता, जे आपल्या सामान्य कायद्यात चालत नाही. शिवाय १९५९चा शस्त्र कायदा होता, स्फोटकांचे कायदे होते, १९६२चा सीमाशुल्क कायदा होता आणि तस्करांना खटल्याविना डांबणारा १९७४चा ‘कोफेपोसा’ होता. म्हणजे कट करणाऱ्यांना पुढे फाशीचा दोर दिसत होता आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर एकेक कलम उभं होतं.

ही कलमं ओलांडली कशी गेली, हे खटल्याच्या कागदपत्रांतून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २१ मार्च २०१३च्या निकालातून टप्प्याटप्प्याने वाचता येतं. जानेवारीत दिघीला माल उतरला. तो घेऊन जाणारी वाहनं गोंडघर फाट्यावर पोलिसांनी रात्री अडवली. इथे कायद्याने आपलं काम केलं असतं तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. पण रस्त्यावरच सौदा ठरला. पैसे नंतर मिळतील याची खात्री म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या गेल्या आणि वाहनं सुटली. फेब्रुवारीच्या ३ आणि ७ तारखेला श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला पुन्हा माल उतरला. या खेपांत रायफली होत्या, हातबॉम्ब होते आणि आरडीएक्स होतं. आरडीएक्सला त्या साखळीत ‘काळा साबण’ म्हणत. तो माल वांगणीच्या टॉवरवर नेऊन तिथे दुसऱ्या वाहनांत भरला गेला आणि त्या टॉवरवरच्या पहारेकऱ्यांचाही त्यात हात होता. दरम्यान, पश्चिम किनाऱ्यावर शस्त्रं उतरण्याची शक्यता आहे, अशी सूचना सीमाशुल्क खात्याला जानेवारीअखेरीस मिळालेली होती. म्हणजे कायदा होता, शिक्षा होती आणि आगाऊ खबरसुद्धा होती. अलिबागला ज्याची कचेरी होती त्या सीमाशुल्क विभागाचे अधिकारी पुढे याच खटल्यात दोषी ठरले. त्यांच्याबरोबर पोलीसही ठरले. अलिबाग थळपासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या खुर्चीने दिघीपासून रेवसपर्यंतच्या खाड्यांवर नजर ठेवायची, ती खुर्चीच विकली गेली होती.

‘मग दोष माणसांचा, कायद्याचा नाही’ असा आक्षेप इथे लगेच येतो. तो वजनदार आहे, म्हणून त्याला झटकून चालणार नाही. अधिकारी प्रामाणिक असते तर कायदा पुरला असता, हे खरं. पण अधिकारी विकले का गेले, या प्रश्नाचं उत्तरही पुन्हा एका कडक कायद्यापाशीच जातं. जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली, सोनं बाळगण्यावर निर्बंध आले आणि १९६८मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. हेतू चांगला होता, परकीय चलन वाचवायचं होतं. पण लग्नातलं सोनं लोकांनी सोडलं नाही. कायदेशीर वाट बंद झाली तेव्हा दुबईहून धाऊ निघू लागल्या आणि कोकणच्या खाड्यांत एक पूर्ण धंदा उभा राहिला. खोल समुद्रातल्या धाऊतून माल छोट्या होड्यांत घेणारे खलाशी होते, किनाऱ्यावर वाहून नेणारे मजूर होते, ट्रक लावणारे होते आणि या सगळ्यांची मोट बांधणारा लँडिंग एजंट होता. प्रत्येक खेपेमागे कुणाला किती द्यायचे याचे दर ठरलेले होते. बंदी जितकी कडक, तितका आतला-बाहेरचा भावफरक मोठा, आणि भावफरक जितका मोठा तितकी डोळेझाकीची किंमत चढी. तीस वर्षं एखाद्या चौकीला दर खेपेमागे हप्ता मिळत राहिला की ती चौकी माल कोणता आहे हे विचारायचंच विसरते.

१९९३मध्ये नेमकं हेच झालं. नवीन रस्ता शोधावा लागला नाही, नवीन माणसं फोडावी लागली नाहीत. सोन्या-चांदीसाठी बनलेल्या वाटेवरूनच आरडीएक्स आलं. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला होता. १९९२मध्ये परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं उघडपणे आणायची मुभा मिळाली आणि बघता बघता सोन्याच्या तस्करीतला नफा आटला. चांदीची आयात तशी मोकळी व्हायला मात्र १९९३ उजाडलं. त्या मधल्या काळात दिघी-शेखाडीची वाट चांदीच्या आधारावर जिवंत होती. तस्करी कमी करण्यात शिक्षेच्या धाकाने किंवा ‘कोफेपोसा’ने जे साधलं नाही ते शुल्काच्या एका फेरबदलाने साधलं, ही गोष्ट कडक कायद्याच्या चर्चेत क्वचितच सांगितली जाते. एखादी बंदी घालताना ती मोडणाऱ्याला होणारी शिक्षा आपण लिहितो. ती मोडल्यावर जी वाट तयार होणार, तिच्यावरून उद्या आणखी काय येईल, हा विचार विधेयकाच्या कुठल्याच मसुद्यात नसतो. माझ्या मते तोच पहिला असायला हवा.

‘टाडा’ नसता तर १९९३च्या आरोपींना शिक्षाच झाली नसती, असंही म्हटलं जातं. यात तथ्य आहे. १२३ आरोपींपैकी १०० जण दोषी ठरले, त्यात कबुलीजबाबांचा मोठा वाटा होता. २५७ कुटुंबांना न्याय मिळणं ही लहान गोष्ट नाही आणि शिक्षा ही झालीच पाहिजे. पण शिक्षा होणं आणि हिंसा टळणं ही दोन वेगळी कामं आहेत. विशेष न्यायालयाचा निकाल २००६मध्ये यायला लागला, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३मध्ये आला, एका दोषीला फाशी २०१५मध्ये झाली. ज्यांनी कट रचला ते दोन प्रमुख सूत्रधार, दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन, आजही कायद्याच्या हाती नाहीत. ज्याच्यासाठी सर्वांत कडक कलम लिहिलं त्याला ते कधी शिवलंच नाही. दुसरीकडे देशभर ‘टाडा’खाली ७६ हजारांवर लोक पकडले गेले आणि दोषी ठरले ते शेकडा दोनसुद्धा नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये हा कायदा घटनात्मक ठरवला. पण तो वापरला कसा जातोय हे पाहून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्रा यांनी १९९५मध्ये खासदारांना पत्र लिहून त्याला मुदतवाढ देऊ नका असं सांगितलं आणि मे महिन्यात तो संपला. शेकड्यातले अठ्ठ्याण्णव जण दोषी ठरत नाहीत तेव्हा त्यांच्या वस्त्या पोलिसांशी बोलणं थांबवतात. पुढच्या वेळी खबर त्याच वस्तीतून यायची असते.

समुद्रमार्गे पुढची वेळ पंधरा वर्षांनी आली. तोवर किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ ही गस्त सुरू झाली होती, १९९९मध्ये महाराष्ट्राचा ‘मकोका’ आला होता, २००२मध्ये ‘पोटा’ येऊन २००४मध्ये गेला होता आणि त्यातली बरीच कलमं ‘यूएपीए’ या बेकायदा कृत्यांविरोधी कायद्यात शिरली होती. २००५मध्ये केंद्राची सागरी सुरक्षा योजनाही मंजूर झाली होती. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहा जण रबरी होडीतून कफ परेडच्या बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. समुद्रात त्यांनी पळवलेली ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट होती. ती भारतीय होती, नोंदणीकृत होती, कागदाला कागद लावून तपासली असती तरी कुणाला खटकली नसती. समुद्रमार्गे धोका आहे अशा सूचना त्याही वेळी आल्या होत्या. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने पुढे दाखवून दिलं की त्या सूचना कागदावर फिरत राहिल्या. उतरलेल्या त्या अनोळखी मुलांना पहिल्यांदा हटकलं ते वस्तीतल्या कोळ्यांनी. त्यांना जे खटकलं ते वेळेत योग्य जागी पोचवणारी यंत्रणा नव्हती. १६६ माणसं गेली. एकमेव हल्लेखोर जिवंत हाती लागला तो गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी त्याची बंदूक छातीशी धरून ठेवली म्हणून. पोलीस दलातल्या त्या माणसाच्या हातात लाठी होती. त्या रात्री कायद्याच्या पुस्तकात काही कमी नव्हतं, कमी होतं ते किनाऱ्यावर. आणि तरीही पुढच्या महिनाभरात संसदेने सर्वांत आधी काय केलं, तर ‘यूएपीए’ अधिक कडक केला.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग सगळे कायदे रद्दच करा. तसं म्हणणं चुकीचं ठरेल, आणि त्याचा पुरावासुद्धा १९९३मध्येच आहे. कट करणाऱ्यांना रायफली आणि आरडीएक्स समुद्र ओलांडून आणावं का लागलं? कारण मुंबईच्या बाजारात ते मिळत नव्हतं. शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लावला, प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवली, लष्करी बनावटीची हत्यारं सामान्य माणसाला पूर्णपणे बंद केली. म्हणूनच दुबई, पाकिस्तान, धाऊ, खाडी, हप्ते, टॉवर एवढं सगळं जमवावं लागलं आणि त्या लांबलचक साखळीत किमान चार ठिकाणी कट फुटण्याची संधी निर्माण झाली. अमेरिकेत अशी साखळीच लागत नाही. तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत आणि २०२१ या एका वर्षात आत्महत्या धरून ४८ हजारांवर माणसं गोळीने मेली. ऑस्ट्रेलियात १९९६मध्ये पोर्ट आर्थरला ३५ जणांचा बळी गेल्यावर सरकारने शिक्षेची वर्षं वाढवण्यावर भर दिला नाही. अर्धस्वयंचलित बंदुका बंद केल्या, परवान्याला कारण द्यायला लावलं, प्रत्येक हत्याराची नोंद सक्तीची केली आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे मोजून परत घेऊन नष्ट केल्या. तशी सामूहिक हत्याकांडं त्यानंतर तिथे फारच विरळ झाली.

शस्त्र कायदा आणि ‘टाडा’ या दोन्ही कायद्यांना आपण कडकच म्हणतो, पण त्यांची जात वेगळी आहे. एक कायदा वस्तू धरतो, ती कुठे बनली, कुणाकडे गेली, आज कुठे आहे हे मोजत राहतो. दुसरा माणूस पकडल्यावर त्याला किती वर्षं ठेवायचं ते ठरवतो. पहिला रोज काम करतो, दुसरा हानी झाल्यावर. युरियाच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या थळकरांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही. खत आणि स्फोटक यांचं रसायनशास्त्र शेजारशेजारचं आहे. अमोनियम नायट्रेट देशात कित्येक वर्षं सहज मिळत होतं आणि बॉम्बमध्ये वापरलं जात होतं. जुलै २०११मध्ये झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला स्फोट झाले. त्याच महिन्यात ते स्फोटक म्हणून घोषित झालं आणि २०१२च्या नियमांनी त्याची निर्मिती, साठवण, वाहतूक आणि विक्री परवान्याखाली आणली. हा पहिल्या जातीचा कायदा. थळच्या कारखान्यातही भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८७ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती आल्यापासून, धोकादायक प्रक्रियांवर असंच रोजचं मोजमाप असतं. १९ ऑक्टोबर २०२२ला तिथे स्फोट होऊन तिघे दगावले, तो वातानुकूलन यंत्रणेच्या कामाच्या वेळी झाला. अमोनियासारख्या घातक वायूच्या शेजारी माणूस गेला तो एका साध्या वाटणाऱ्या कामात, यातून सुरक्षेच्या नियमांनी शिकण्यासारखं पुष्कळ आहे. जिथे रोज कुणीतरी मोजतं तिथे नियम जिवंत असतो. मोजणं सुटलं की कलम कितीही कडक असो, ते कागदावरच राहतं.

पकडलं जाण्याची खात्री माणसाला आवरते, शिक्षेची क्रूरता तितकी आवरत नाही, हे इटलीच्या चेझारे बेकारियाने १७६४मध्येच लिहिलं. नंतरच्या अभ्यासांनी ते पुन:पुन्हा दाखवलं आहे. आपल्याकडे मात्र उलट सवय लागली आहे. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. वर्मा समितीने बलात्काराला फाशी सुचवली नाही. पोलिसांनी तक्रार घ्यावी, तपास नीट व्हावा, पदाचा गैरवापर करणाऱ्यांना जाब विचारला जावा, यावर तिने पानंच्या पानं खर्च केली. एप्रिल २०१३मध्ये झालेल्या दुरुस्तीत फाशीची कलमं आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतल्या शक्ती मिलमध्ये सामूहिक बलात्काराची घटना घडली. पुढे महाराष्ट्राने महिलांवरच्या अत्याचारांबाबतचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालीच नाही. पण त्याचा कायदा झाला असता तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळांत पडून असलेले नमुने एका दिवसाने लवकर तपासले गेले नसते.

परत किनाऱ्याकडे येतो, कारण खात्री निर्माण करण्याचं काम तिथे कोण करतं हे पाहण्यासारखं आहे. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरला एक निर्मनुष्य नौका लागली. ‘लेडी हान’ तिचं नाव, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. ती मस्कतहून युरोपकडे निघालेली, जूनमध्ये इंजीन बंद पडल्याने सोडून दिलेली आणि वाहत आलेली नौका होती. घातपाताचा संबंध नव्हता, तसं विधिमंडळात सांगितलं गेलं. पण रायफली असलेली नौका रडार, गस्त आणि २००८नंतर उभ्या राहिलेल्या सगळ्या व्यवस्थेतून निसटून वाळूवर येऊन टेकली, आणि ती पाहिली स्थानिक लोकांनी. २०२३च्या ऑगस्टमध्ये दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंत चरसची पाकिटं लाटांबरोबर येऊ लागली, तीही किनाऱ्यावर फिरणाऱ्यांच्या आणि मच्छीमारांच्या नजरेला पडली. अमली पदार्थांचा १९८५चा कायदा देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहे, पण ती पाकिटं समुद्रात टाकणाऱ्याला तो अडवू शकला नव्हता. रडारचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. जुलै २०२५मध्ये कोर्लईजवळ संशयित बोट दिसल्यावर रात्रभर शोध झाला, तो रडारवरच्या खुणेवरूनच. निघाला तो पाकिस्तानी जाळ्याचा बोया. असा खोटा इशारा मिळाला तरी हरकत नाही, यंत्रणा जागी आहे एवढं त्यातून कळतं. पण समुद्रात रोज जाणाऱ्या नाखव्याला कोणती बोट आपल्या बंदराची आणि कोणती परकी, हे लांबून बांधणीवरून आणि चालीवरून कळतं. ती नजर कुठल्याही अर्थसंकल्पातून विकत घेता येत नाही.

आणि याच माणसाशी आपण कायद्याच्या भाषेतच बोलतो. २००८नंतर त्याला ओळखपत्र लागलं, नोंदणी क्रमांक बोटीवर ठळक रंगवावा लागला, जाता-येता नोंद द्यावी लागली, तपासणीत तास गेले. हे आवश्यक होतं आणि बहुतेक मच्छीमार संस्थांनी ते मानलंही. पण त्याची स्वतःची तक्रार असते तेव्हा कायदा इतका तत्पर नसतो. पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ला राज्याने निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७मध्ये केंद्राने बंदी आणली, २०२१मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेले. तरी दिव्यांच्या बोटी रात्री पेटतात, पारंपरिक मच्छीमार स्वतः समुद्रात जाऊन त्यांना अडवतात आणि मग मारामारीपर्यंत जातं. दंड वाढला आणि गस्ती नौका तेवढ्याच राहिल्या, की कायद्याची जागा माणसं स्वतःच्या हाताने भरून काढतात आणि ज्या हिंसेला रोखायचं ती तिथेच जन्मते. ड्रोनने टेहळणी जानेवारी २०२५पासून सुरू झाली, तिचं स्वागतच केलं पाहिजे. पण ड्रोनने टिपलेल्या बोटीवर किती दिवसांत कारवाई होते, यावर तिचं यश ठरेल. नाखव्याने आज एलईडी बोटीची खबर दिली आणि काहीच झालं नाही, तर उद्या तो संशयित होडीची खबर तरी कशाला देईल? मासळीचा कायदा आणि देशाच्या सुरक्षेचा कायदा दिल्ली-मुंबईत दोन वेगळ्या खात्यांत असतील, किनाऱ्यावर दोघांचा पहारेकरी एकच आहे.

एक शेवटचा आक्षेप उरतो. कडक कायद्याच्या भीतीने जे कट रचलेच गेले नाहीत, ते आपल्याला दिसत नाहीत, मग कायद्याचा उपयोग कमी कसा म्हणायचा? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा मागता येत नाही, हे मान्य. पण जिवावर उदार होऊन आलेल्या दहा जणांना फाशीची भीती नसते आणि हप्त्याची सवय असलेल्या चौकीला पकडलं जाण्याची भीती नसते. सर्वांत मोठी हानी या दोघांकडूनच झाली. ज्यांना भीती असते ते बहुतांशी आधीच कायदा पाळणारे असतात, आणि कडक कायद्याचा रोजचा जाच तेच सोसतात. जामीन न मिळता वर्षानुवर्षं आत राहिलेला निर्दोष माणूसही त्यांतलाच.

म्हणून कडक विधेयक मांडलं गेलं की मी त्यातलं शिक्षेचं कलम शेवटी वाचतो. आधी पाहतो की ते कोणती वस्तू मोजणार आहे, किती निरीक्षक नेमणार आहे, त्यांची तपासणी कोण करणार आहे आणि खबर देणाऱ्याला काय संरक्षण आहे. बहुतेक वेळा त्या जागा कोऱ्या असतात. नागपूरला डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरेल, कुठल्या तरी घटनेवरून फाशीची मागणीही होईल. त्या आठवड्यात रायगडच्या वाचकांनी आपल्या आमदाराला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : जिल्ह्यातल्या सागरी पोलीस ठाण्यांकडे आज चालू स्थितीत किती गस्ती नौका आहेत आणि त्यांना डिझेल किती मिळतं, तिथली किती पदं रिकामी आहेत, आणि मच्छीमारांनी १०९३ या क्रमांकावर गेल्या वर्षभरात दिलेल्या खबरींपैकी किती खबरींवर काय कारवाई झाली. उत्तर तोंडी मिळालं तर घेऊ नका, आकड्यांसह लेखी मागा, आणि ते आलं की गावच्या मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लावा.